घरच्या शाळेचा बाजारहाट

अगं, ते छापून आणलेले वर्कशीटचे गठ्ठे आधी माळ्यावर टाक. काल फोनवर तू यादी वाचत होतीस आणि इकडे मलाच दम लागत होता. मणीपाटी, फोनिक्सचा इंग्रजी संच, उठावाचा नकाशा, कसल्या कसल्या ॲपची वर्षभराची वर्गणी, वर मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेल्या पीडीएफचा ढीग. आणि मुलं दोनच! एक सहा वर्षांचा, एक आठ वर्षांची. शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवलंस, ते तुमचं दोघांचं ठरलंय, त्यावर मी काही बोलत नाही. पण सामान पाहिलं तर तू आणखी एक शाळाच थाटायला निघालीस.

तुझी धास्ती मला कळते. शाळा सुटली की आईला वाटतं, आता काही राहून गेलं तर सगळं खापर माझ्यावर. मग रात्री मुलं झोपल्यावर आपण मोबाइल घेऊन बसतो आणि उतरवत जातो, मागवत जातो. जरा बरं वाटतं. सामान गोळा करणं त्या मानाने सोपं असतं गं. पोराच्या शेजारी अर्धा तास मांडी घालून बसायचं आणि तो अडखळत वाचत असताना गप्प राहायचं, हे अवघड. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पोराला या महिन्यात जे लागेल तेवढंच आण, पुढच्या वर्षीचं आणू नकोस. आणि रायपुरात राहतेस, तर निम्मं सामान या गावाकडूनच घे.

मोजपट्टी हवीच असेल, म्हणजे रात्री झोप लागावी म्हणून, तर सरकारचीच घे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू केलं, त्यात प्रत्येक इयत्तेचं लक्ष्य लिहून ठेवलंय. पहिलीच्या अखेरीला चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंतचे आकडे. दुसरीला ९९९ पर्यंत. तिसरीला ९९९९ पर्यंत आणि मिनिटाला निदान साठ शब्द, समजून. बघ, यादी किती छोटी आहे! यात उठावाचा नकाशा कुठेच नाही.

आता भाषेचं. तुझ्या घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी, आणि तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात इंग्रजी. सगळ्या एकदम सुरू करू नकोस. धाकट्याला आधी मराठी वाचू दे. लिपी एकच असल्यामुळे मराठी वाचायला लागलेलं मूल दोन-तीन महिन्यांत दुकानांवरच्या हिंदी पाट्या आपोआप वाचायला लागतं. त्याचा ‘ळ’ पक्का कर, कारण तो त्याला बाहेर कोणी शिकवणार नाही, आणि हिंदीतल्या ‘ड’ खालच्या टिंबाची फक्त ओळख करून दे. इंग्रजी कानावर पडू दे, गोष्टी वाचून दाखव, पण अक्षरांचं नंतर बघ. दोन भाषांत वाढलं म्हणून पोर गोंधळतं, हे तुझ्या सासूबाईंनी काढलं तर त्यांना माधवराव सप्र्यांची आठवण करून दे. मराठी घरातला मुलगा, शिकला इथे रायपुरात, १९०० मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, आणि पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, सासूबाईंना नक्की माहीत असेल.

पुस्तकांना पैसे कमी आणि निवड जास्त लागते. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पहिली-दुसरीची मराठीची तेवढी घे. पण पडद्यावर वाचायला देऊ नकोस. कोणी नागपूरहून येणार असेल तर छापील मागव, किंवा पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने येणाऱ्या एखाद्या मावशीच्या पिशवीत भर घाल. पाठ्यपुस्तकाचं वजन कोणाला वाटत नाही. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही तिथेच वाचायला ठेवलेत. ते तुझ्या मोठीसाठी. एका बैठकीत एकच गोष्ट, आणि ती तिने निवडायची. जुन्या अंकांतली चित्रं बघताना तूच रमशील, तेवढं सांभाळ.

चित्रमय पुस्तकांत मात्र हात आखडू नकोस. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ आण. ज्योत्स्ना प्रकाशनाचं आहे. सहा वर्षांच्या पोराला आपलं घर, आपले आजी-आजोबा, आपली आई पुस्तकात भेटली की वाचन ही आपली गोष्ट वाटते. मोठीसाठी त्यांचंच ‘वाचू आनंदे’, बालगटाचे दोन भाग. त्यात चांगल्या लेखकांचे उतारे आणि चित्रकारांची चित्रं शेजारी शेजारी आहेत, आणि तिला प्रत्येक पानावर बोलायला काहीतरी सापडेल. हे विकतच घे. फाटलं तरी चालेल, फाटायलाच आणायचं.

हिंदीसाठी एनसीईआरटीची ‘बरखा’ मालिका बघ. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चाळीस चिमुकली पुस्तकं आहेत, चार पायऱ्यांत चढत जाणारी. एका पानावर एक चित्र आणि एखादं-दुसरं वाक्य. एनसीईआरटीची नवी पाठ्यपुस्तकंही चांगली आहेत, हिंदीला ‘सारंगी’, गणिताला ‘आनंदमय गणित’, आणि तिसरीला ‘गणित मेला’. हीसुद्धा त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापीलही महाग नाहीत. भोपाळच्या ‘एकलव्य’ची ‘चकमक’ १९८५ पासून दर महिन्याला निघते, तिची वर्गणी भर. पोस्टाने मुलीच्या नावावर मासिक येणं याची मजा काही औरच. रायपूरच्याच विनोदकुमार शुक्लांनी उतारवयात मुलांसाठी खूप लिहिलं, ज्ञानपीठ मिळालेल्या माणसाने. या गावातल्या गल्ल्यांतून फिरलेला माणूस आपल्यासाठी लिहून गेला, हे मुलांना सांग.

आणि प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. मराठी, हिंदी, किती तरी भाषांतल्या गोष्टी, पातळीप्रमाणे लावलेल्या, फुकट छापून घ्यायला आणि भाषांतर करायलाही मोकळ्या. एक गोष्ट निवड, तिचं मराठी मोठीने करायचं, आणि तुझ्याकडे कामाला येणाऱ्या दीदींना ती छत्तीसगढीत सांगायला लावायची. दीदी लाजतील, मग रंगात येतील. एक गोष्ट तीनदा ऐकून, बोलून, लिहून झाली की भाषेचा आठवडा झाला समज. दुसरं काही लागत नाही.

एप्रिलमध्ये कबाडीवाल्याला हाक मारायला विसरू नकोस. परीक्षा संपल्या की इंग्रजी शाळांतली पोरं वर्षभराची पुस्तकं किलोवर टाकून देतात. त्यातली चित्रकोश, नकाशावह्या, निसर्गाची पुस्तकं काढून घे. बाकीची त्यालाच परत.

गणितावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण पैसे उडतात ते तिथेच. ती आयात केलेली लाकडी मणीपाटी राहू दे. गोल बाजारातून दोन रंगांचे मणी आण, शंभर, आणि पोराला ओवायला बसव. दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. दिल्लीचं ‘जोडो ज्ञान’ अशाच शंभर मण्यांच्या माळेवर गणित शिकवतं. विकतचीही मिळते, पण घरी ओवताना दहा मोजून रंग बदलायचा, चुकलं की उसवायचं, यातच दशक डोक्यात बसतं. मग माळ भिंतीवर आडवी टांग आणि सत्तेचाळीस कुठे, त्रेसष्टच्या आधी काय, असं विचारत जा. मराठी आकडे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास मुलांना छळतात, ते या माळेवर बोट ठेवून सुटतात. एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला एक कमी, हे डोळ्यांना दिसतं.

मोजायला चिंचोके. छत्तीसगढात चिंचेला काय तोटा! दहा-दहाच्या चिमुकल्या पुरचुंड्या कर, त्यांतून हातचा घ्यायचा, पुरचुंडी सोडायची. वजाबाकीतलं ‘उसने घेणे’ हे असं पुरचुंडी सोडून शिकवलेलं पोर ते विसरत नाही.

आणि हे गरिबीतलं भागवणं आहे असं समजू नकोस. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी माँटेसरीबाईंची पद्धत मनापासून अभ्यासली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला, नंतर कोसबाडला आदिवासी मुलांत गेल्या तेव्हा महागडी साधनं सोडून खडे, शिंपले, पानं, बिया हीच साधनं केली. पैसे वाचलेच, पण मुलांना ती साधनं ओळखीचीही वाटली. आपली अंगणवाडी त्याच कामातून पुढे आली. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ तू वाचलंस का? १९३१ चं पुस्तक आहे, मराठीतही आहे. पालक म्हणून एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते वाच. आणि पुण्याचं ‘पालकनीती’ मासिक, १९८७ पासून चालू आहे, ते चाळत जा. बस्स. पालकत्वावरची बाकी भाषणं बंद कर, डोकं दुखतं.

विज्ञानाला अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घरं उभी करायला लागला. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करायच्या कृती आहेत आणि मराठी-हिंदीतली हजारो पुस्तकंही. इथेच तुझा पाय घसरणार, मला माहीत आहे. पुस्तकं उतरवत बसशील. एक खेळणं निवड, ते मोडेपर्यंत खेळू दे, मगच दुसरं उघड. काड्यांची गुलं आधी काढून टाक.

बाकी अभ्यासक्रम म्हणशील तर मी तो कॅलेंडरवरच लावते. आषाढी अमावस्येला आपण घरी दिवे घासून पुजतो, त्याच दिवशी इथे हरेली असते. शेतीची अवजारं धुऊन पुजतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून गल्लीभर फिरतात. पण शेजारची काकी म्हणेल, ही श्रावणातली अमावस्या. मोठीला विचार, दोघी खऱ्या कशा? आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. तिला चंद्र बघायला लाव, महिनाभर रोज रात्री एक गोल काढून त्यात जेवढा दिसेल तेवढा रंगवायला लाव. खगोलाचं सामान म्हणून हे पुरे. आणि एक गेडी बनवून घे, तोल म्हणजे काय ते धाकट्याला व्याख्येशिवाय समजेल.

मग येतो पोळा, इथला पोरा. बाजारात मातीचे नांदिया बैल आणि पोरा-जाता येतं, चिमुकली जाती, चुली, भांडी. ती भरपूर घे. वर्षभर भातुकली चालते आणि त्या भातुकलीत दुकान, भाव, सुटे पैसे सगळं येतं. पौष पौर्णिमेला छेरछेरा. पोरं दारोदार जाऊन धान मागतात, तुझ्या दोघांनाही कॉलनीतल्या पोरांबरोबर पाठव. आलेलं धान घरी मोजायचं. आधी वाटीने, मग डब्याने, मग काट्यावर. इथले जुने लोक काठ्याने मोजायचे, आपल्याकडे पायली होती. एका डब्यात किती वाट्या, आणि वाटी बदलली तर आकडा का बदलतो? प्रमाणित माप कशाला लागतं, हे यातून जितकं कळतं तितकं धड्यातून नाही.

धानाचा विषय निघालाच आहे तर एक काम सांगते, तुझ्या मोठीला फार आवडेल. रिकाम्या काडेपेट्या घे आणि तांदूळ गोळा करायला लाव. दुबराज, जवाफूल, विष्णुभोग, एचएमटी, उसना, पोहे, मुरमुरे. प्रत्येक पेटीवर नाव, कुठून आणला, वास कसा, शिजल्यावर कसा. इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात भाताचे तेवीस हजारांवर नमुने आहेत, त्या कामाचा पाया डॉ. रिछारियांनी घातला. आपल्या पोरीच्या सात पेट्या झाल्या तरी खूप. आणि एचएमटीची गोष्ट सांगायला चुकू नकोस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले छोटे शेतकरी. शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी जपून ठेवल्या, पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि एक नवं वाण झालं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळाचं नाव एचएमटी पडलं. तुमच्या ताटातला भात हा असा बघण्यातून आलाय, हे ऐकून माझी पोर दोन दिवस तांदूळ निवडायला बसत होती. तिसऱ्या दिवशी कंटाळली, ते जाऊ दे.

बाहेर नेशील तिथे एका दिवसात एकच गोष्ट दाखव. घासीदास संग्रहालय १८७५ चं आहे, राजनांदगावच्या महंत घासीदासांनी उभं केलेलं. सगळी दालनं फिरवलीस तर मुलं शेवटी फक्त कुल्फी लक्षात ठेवतील. सिरपूरच्या कांस्यमूर्तींपैकी एक निवड, तिच्यासमोर बसून दोघांना चित्र काढू दे, आणि घरी ये. थंडीत कधी सिरपूरलाच जा, तिथलं विटांचं लक्ष्मण मंदिर बघायला. दगडाचं नाही, विटांचं, आणि हजार वर्षांहून जुनं, तरी उभं. मग पोरं घरी येऊन विटा मांडतातच. सड्डूचं विज्ञान केंद्र पावसाळ्यासाठी राखून ठेव, नव्या रायपूरचं पुरखौती मुक्तांगण थंडीसाठी. मे महिन्यात दुपारी कुठेही नाही. रायपूरचं ऊन तुला मी सांगायला नको.

नातेवाईक विचारणारच. इथे कोणी ना कोणी तुला विवेकानंदांचं उदाहरण देईल. खरं आहे ते. १८७७ मध्ये वडिलांच्या कामामुळे नरेंद्र रायपूरला आला, नागपूरच्या पुढे बैलगाडीने, जंगलातून. त्या काळी इथे त्याच्याजोगी शाळा नव्हती, म्हणून तो घरीच वडिलांबरोबर वाद घालत, वाचत, हिंदी शिकत राहिला, आणि १८७९ मध्ये कलकत्त्याला परतला. पण हे उदाहरण तू स्वतःहून कोणाच्या तोंडावर मारू नकोस. तो चौदा वर्षांचा होता, बाप नावाजलेला वकील, आणि परत गेल्यावर त्याने शाळेत जाऊन एन्ट्रन्स दिलीच. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच की बापाने मुलासाठी वेळ काढला, आणि आल्यागेल्या शहाण्या माणसांच्या गप्पांत त्याला बसू दिलं. तुझ्या नवऱ्याला हे जरूर ऐकव. रविवारची हिशेबाची वही, वीजबिल, गाडीची हवा, हे त्याने घ्यायचं. सगळं तुझ्यावर नको.

कागदपत्रांचं नीट ऐक. शिक्षणहक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. तो बोलतो सगळं शाळेबद्दल, घरी शिकण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना शिक्षाही लिहिलेली नाही. म्हणून परतीची वाट नेहमी उघडी ठेवायची. त्याच कायद्यात आहे की शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा. परीक्षेचा आधार हवा असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मूलभूत शिक्षणाचा कार्यक्रम आहे, त्याचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आधीच्या शाळेचा दाखला एका फायलीत ठेव. आणि दर महिन्याला दोघांचं एक-एक पान, तारीख घालून, जसं लिहिलंय तसं. चुका खोडायच्या नाहीत. उद्या एखाद्या मुख्याध्यापिकेसमोर बसलीस तर ही पानं तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतील.

सोबतीचं काय, असं तू दोनदा विचारलंस, म्हणजे मनात तेच आहे. बाटी, भौंरा, फुगडी खेळणारी पोरं तुझ्या गल्लीत संध्याकाळी असतातच, तिथे कसलाही क्लास लावू नकोस, ती वेळ मोकळी ठेव. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत, संक्रांतीला जात जा, मराठी बोलणारी मुलं तिथे भेटतात, आणि एखादी आजी गोष्टी सांगायला मिळाली तर तिला सोडू नकोस. आणि मोठीने पुढच्या जूनमध्ये सांगितलं की मला शाळेत जायचंय, तर वाद न घालता घाल. धाकटा घरी राहील, चालतं तसंही.

मणी आणायला एकटी जाऊ नकोस, मीही येते, मला वातीचा कापूस घ्यायचाय. शनिवारी सकाळी लवकर निघू, गोल बाजारात उशीर झाला की गाडी फार लांब लावावी लागते. पोरांना घेऊन ये. भाव त्यांनाच करू दे.